टेप कोणी धरली होती

तिसऱ्या उन्हाळ्यात मागच्या दाराच्या वर
केसाएवढी रेघ उमटली.
जोसलिन म्हणाली, कोळिष्टक असेल,
आणि स्टुलावर चढून फडक्यानं पुसू लागली.
रेघ पुसली गेली नाही.

ऑगस्टअखेर तिच्यात नाणं उभं राहू लागलं.
भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला तोंड फुटलं होतं
आणि ते नेमकं माझ्याकडे बघून उघडं होतं.

एसेक्समधली ही चिकणमाती.
ओली असली की बूट धरून ठेवते,
वाळली की जुन्या बशीसारखी तडकते.
घरापासून सतरा पावलांवर ओक.
त्याच्याचसाठी तर घेतला हा तुकडा,
बस डेपोतली माझी एकतीस वर्षं
एका सहीत देऊन टाकली.
विटा मी रचल्या. गिलावा तिनं केला.
दाराच्या चौकटीला रंग कुठला, यावर
आम्ही चार दिवस बोललो नव्हतो.

आता मी पहाटे टॉर्च घेऊन उठतो.
भेगेवर इफेओमानं चिकटवलेली पारदर्शक पट्टी आहे,
तिच्यावर लाल फुली, बारीक चौकटी.
ही इंजिनिअर मुलगी माझ्या धाकट्या भाचीएवढी.
गुडघ्यावर बसून तिनं भिंतीचा हात बघितल्यासारखं केलं
आणि म्हणाली,
झाड पितंय. तुमच्या पायाखालचं पाणी पितंय.
मग तोडतो, मी म्हणालो.
तोडू नका. त्याचं पिणं थांबलं की माती फुगेल,
आज खचतंय ते घर उद्या वर उचलेल.
वर्षभर मोजा. मग बोलू.

कुठेतरी पाणी मुरतंय, असा संशय लोकांना येतो.
इथे मुरत नव्हतं, हीच तर अडचण.
मुरत होतं ते माझ्या आत.

कारण थर्लोनं, त्या नगरपालिकेच्या माणसानं,
चर बघून स्पष्ट सांगितलं होतं:
झाड जवळ आहे, अडीच मीटरच्या वर थांबू नका.
जेसीबी शुक्रवारी संध्याकाळी परत द्यायचा होता.
पूर्वेच्या कोपऱ्यात मी एकोणीसशे मिलिमीटरवर थांबलो.
थर्लो सुट्टीवर गेला, फोटो पाठवा म्हणाला.
मी दुसऱ्या, खोल कोपऱ्याचा फोटो पाठवला.
सोमवारी काँक्रीट आलं आणि सगळं सपाट, राखाडी, निर्दोष दिसलं.

हे मी तिला सांगितलं ऑक्टोबरात,
बटाटे सोलता सोलता.
सात वर्षं घशात धरलेलं वाक्य
सोललेल्या सालांवर पडलं.

ती सुरी धुऊन पुसत राहिली, बराच वेळ.
मग म्हणाली,
त्या खोल कोपऱ्यात शिडीवरून खाली कोण उतरलं होतं?
टेप कोणी धरली होती?
तळाशी ती माझ्या बुटाखाली मुडपलेली होती.
चांगली दोन विती.
तू वरून ओरडलास, किती? मी म्हणाले, अडीच.
तुझा चेहरा त्या दिवशी चिखलाचा झाला होता.
आणखी खणायला सांगवेना.

मी हसलो की काय केलं, आठवत नाही.
बटाटे पाण्यात काळे पडत गेले.

जानेवारीत पाऊस लागून राहिला.
भेग मिटत गेली, जखमेसारखी नाही,
तर काही न झाल्यासारखं तोंड मिटून बसणाऱ्या माणसासारखी.
सप्टेंबरात अडकणारं दार आता एका बोटानं उघडतं.
ओकवर एकही पान नाही,
आणि तरी तो जागा आहे, आम्हाला माहीत आहे.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघं भिंतीपाशी जातो.
मी वाचतो, ती वहीत लिहिते.
अडीच, मी म्हणतो.
ती पेन्सिल थांबवते, चश्मा वर करते.
नीट वाच, म्हणते.
मी खाली वाकतो.
दोन पॉइंट तीन.